एकाच जीवेतून संयुक्त कोनांची सहा सूत्रं कशी काढायची

अकरावीच्या त्रिकोणमितीत संयुक्त कोनांची, म्हणजे दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची, सहा सूत्रं येतात. साइनची दोन, कॉसची दोन, टॅनची दोन. मुलं ती चौकट आखून वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवतात आणि चाचणीत नेमकं चिन्ह चुकतं: अधिकचं उणे होतं ते कॉसमध्ये की साइनमध्ये? मी चाळीसगावात अकरावी-बारावीचं गणित शिकवते. माझं सांगणं असं, की या सहांपैकी सिद्ध करण्यासारखं सूत्र एकच आहे, कॉस(अ − ब) चं. एकक वर्तुळातल्या एका जीवेची लांबी दोन जागी मोजली की ते मिळतं. उरलेली पाच त्याच्याच पोटातून निघतात. एकदा हे स्वतःच्या हाताने केलं, की पुढे कधीही चिन्हाची शंका आली तरी कच्च्या पानावर दोन ओळींत सूत्र पुन्हा उभं करता येतं.

वाचताना शेजारी मिलिमीटरचा आलेख कागद, कंपासपेटी, टोकदार पेन्सिल आणि एक बटर पेपर ठेवा. नुसतं वाचून हे बसत नाही, हात चालवावा लागतो.

आधी व्याख्या पक्की करा

दहावीपर्यंत साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. ही व्याख्या काटकोन त्रिकोणापुरती, म्हणजे लघुकोनापुरती चालते. १२०° चा कोन काटकोन त्रिकोणात मावतच नाही, मग त्याचा साइन कुठून आणायचा? म्हणून एकक वर्तुळ लागतं: केंद्र आरंभबिंदूवर, त्रिज्या १. धन क्ष-अक्षापासून सुरुवात करा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अ एवढा कोन फिरा. वर्तुळावर तुम्ही ज्या बिंदूवर पोहोचाल त्याचा क्ष-निर्देशक म्हणजे कॉस अ आणि य-निर्देशक म्हणजे साइन अ. एवढंच. इथे सिद्ध करायला काही नाही, ही व्याख्याच आहे. लघुकोनासाठी ती दहावीच्या व्याख्येशी तंतोतंत जुळते, कारण कर्ण म्हणजे त्रिज्या आणि ती १ आहे.

या व्याख्येतून दोन गोष्टी आयत्या मिळतात, आणि दोन्ही पुढे लागणार आहेत. बिंदू केंद्रापासून १ अंतरावर आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने

कॉस²अ + साइन²अ = १

आणि कोन ऋण घेतला, म्हणजे तेवढंच पण घड्याळाच्या दिशेने फिरलो, तर बिंदू क्ष-अक्षाच्या पलीकडे आरशातल्यासारखा पडतो. क्ष-निर्देशक तोच राहतो, य-निर्देशकाचं चिन्ह बदलतं:

कॉस(−अ) = कॉस अ
साइन(−अ) = −साइन अ

पुढे जाण्याआधी ९०° चा बिंदू (०, १), १८०° चा (−१, ०) आणि २७०° चा (०, −१) हे एकदा बोटाने कागदावर दाखवा. ज्याला हे न अडखळता दाखवता येतं त्याला पुढचं सगळं जमतं, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

सिद्धतेच्या आधी मोजमाप

पुस्तकांत सिद्धता थेट बीजगणिताने सुरू होते. मला ते पटत नाही. आपण काय सिद्ध करणार आहोत ते डोळ्यांना आधी दिसलं पाहिजे, म्हणून वर्गात मी पहिल्या दिवशी फक्त मोजायला लावते.

आलेख कागदाच्या डावीकडे खालच्या कोपऱ्याजवळ आरंभबिंदू घ्या. १० सेंमी त्रिज्येचा पाव वर्तुळाचा कंस काढा. पूर्ण वर्तुळाच्या नादी लागू नका, एवढ्या त्रिज्येचं ते कागदावर मावणार नाही आणि त्याची आत्ता गरजही नाही. १० सेंमी म्हणजे एक एकक, त्यामुळे ३.४ सेंमी म्हणजे ०.३४ असं वाचायचं.

कोनमापकाने कंसावर ७०° आणि २५° वर खुणा करा. त्यांना प आणि फ म्हणा. आता दोन्ही बिंदूंचे निर्देशक कागदाच्या बारीक चौकटींवरून वाचा. प साधारण (३.४, ९.४) येईल, फ साधारण (९.१, ४.२). पफ ही जीवा जोडा आणि पट्टीने मोजा. ७.६ ते ७.७ सेंमीच्या मध्ये कुठेतरी उत्तर येईल. अंतराच्या सूत्राने पडताळा: क्ष-निर्देशकांत ५.७ चा फरक, य-निर्देशकांत ५.२ चा, वर्गांची बेरीज ५९.५३, तिचं वर्गमूळ ७.७ च्या जरासं वर. मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच, पेन्सिलच्या टोकालाही जाडी असते.

आता ७०° मधून २५° वजा करा. उरतात ४५°. त्याच कंसावर ४५° ची खूण करा, तिला म म्हणा. कंस क्ष-अक्षाला जिथे मिळतो तो बिंदू न, म्हणजे (१०, ०). मन ही जीवा मोजा. तीही ७.६५ सेंमीच्या आसपासच येईल.

आता बटर पेपर आलेख कागदावर ठेवा, केंद्र, प आणि फ गिरवून घ्या. केंद्रावर कर्कटकाचं टोक रोवा आणि बटर पेपर घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा. फ जेव्हा न वर येऊन बसतो, त्याच क्षणी प बरोबर म वर बसतो. हा क्षण प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवा. पुढची सगळी सिद्धता म्हणजे या एका हालचालीचं अक्षरांतलं लिखाण आहे.

सायकलचं चाक फिरवलं म्हणून दोन तारांच्या टोकांमधलं अंतर बदलत नाही. वर्तुळाचंही तसंच.

आता अक्षरांत

कोणतेही दोन कोन अ आणि ब घ्या. वर्तुळावर चार बिंदू:

प = (कॉस अ, साइन अ)
फ = (कॉस ब, साइन ब)
म = (कॉस(अ − ब), साइन(अ − ब))
न = (१, ०)

आख्खं वर्तुळ घड्याळाच्या दिशेने ब एवढं फिरवलं, की फ जातो न वर आणि प जातो म वर. म्हणून पफ = मन.

दोन्ही बाजूंचे वर्गच ठेवा. काही मुलं इथे वर्गमूळाचं चिन्ह काढून बसतात आणि शेवटपर्यंत ते ओढत नेतात. अंतरं समान आहेत म्हणजे त्यांचे वर्गही समान आहेत, आपलं काम तेवढ्यावर भागतं.

पहिल्या जीवेचा वर्ग:

पफ² = (कॉस अ − कॉस ब)² + (साइन अ − साइन ब)²

कंस सोडवा. सहा पदं येतील:

कॉस²अ − २ कॉस अ कॉस ब + कॉस²ब + साइन²अ − २ साइन अ साइन ब + साइन²ब

ही सहा पदं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने पाहत राहिलात तर पुढचं सुचणार नाही. कॉस²अ च्या शेजारी साइन²अ आणून ठेवा, कॉस²ब च्या शेजारी साइन²ब. प्रत्येक जोडी १ होते. उरतं:

पफ² = २ − २(कॉस अ कॉस ब + साइन अ साइन ब)

दुसऱ्या जीवेचा वर्ग:

मन² = (कॉस(अ − ब) − १)² + साइन²(अ − ब)

इथे (अ − ब) ला फोडायला जाऊ नका. तो एक कोन आहे, एकाच अक्षरासारखा वागवा. कंस सोडवल्यावर कॉस² आणि साइन² मिळून पुन्हा १ होतात:

मन² = २ − २ कॉस(अ − ब)

दोन्ही उजव्या बाजू समान ठेवा. २ जातात, −२ ने भागलं की हातात येतं:

कॉस(अ − ब) = कॉस अ कॉस ब + साइन अ साइन ब

लगेच आकडे घालून पाहा. अ = ४५°, ब = ३०° घेतलं तर कॉस १५° = (√३ + १) / २√२, म्हणजे ०.९६५९. कोष्टकात १५° ची नेमकी किंमत सहसा नसते, पण आता ती तुमच्याकडे आहे. अ आणि ब सारखेच घेतले तर डावीकडे कॉस ०° म्हणजे १ आणि उजवीकडे कॉस²अ + साइन²अ. म्हणजे जुनी ओळखीची नित्य समानता या सूत्राच्या आतच बसलेली आहे.

सुरुवात वजाबाकीपासून का केली, बेरजेपासून का नाही, हे मुलं हमखास विचारतात आणि प्रश्न फार चांगला आहे. जीवेला तिच्या दोन टोकांमधलं अंतर कळतं, ती टोकं वर्तुळावर कुठे आहेत हे कळत नाही. आणि दोन कोनांमधलं अंतर म्हणजे अ − ब. जीवेतून पहिल्यांदा निघणारं सूत्र म्हणूनच वजाबाकीचं असतं. तिथे कॉसच का, साइन का नाही, याचंही उत्तर तेच. अ आणि ब ची अदलाबदल केली तरी जीवेची लांबी तीच राहते आणि कॉसही तोच राहतो. साइन मात्र चिन्ह बदलतो, त्यामुळे जीवेच्या लांबीत तो थेट दिसूच शकत नाही.

कोन मोठे असले तर?

माझ्या एका विद्यार्थिनीने आकृतीकडे बघत विचारलं होतं, “मॅडम, ब मोठा आणि अ लहान असला तर आकृती उलटी होईल ना? मग सूत्रही बदलेल?” हा प्रश्न टाळून पुढे गेलं तर सूत्र लघुकोनांपुरतंच सिद्ध झालं असं मुलांच्या मनात राहतं, म्हणून मी इथे मुद्दाम वेळ देते.

बरेच जण पफ = मन हे त्रिकोणांच्या एकरूपतेने दाखवतात. केंद्र-प-फ आणि केंद्र-म-न या त्रिकोणांत दोन-दोन बाजू त्रिज्या आहेत, मधला कोन अ − ब, म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने त्रिकोण एकरूप. चुकीचं काहीच नाही, पण ही मांडणी अ − ब शून्य आणि १८०° च्या मध्ये असतानाच बिनघोर चालते. अ − ब बरोबर १८०° झाला तर त्रिकोणच उरत नाही, जीवा व्यास होऊन बसते. १८०° च्या पुढे गेला तर त्रिकोणातला कोन ३६०° − (अ − ब) होतो. ऋण झाला तर पुन्हा वेगळं बोलावं लागतं. प्रत्येक वेळी उत्तर जुळतंच, पण प्रकरणं पाडत बसावं लागतं.

वर्तुळ फिरवण्याच्या मांडणीत यातलं काही करावं लागत नाही. ब कितीही असो, धन वा ऋण, वर्तुळ तेवढं मागे फिरवा. अ वरचा बिंदू अ − ब वर जातो, ब वरचा शून्यावर. फिरवल्याने अंतरं बदलत नाहीत. झालं. त्या विद्यार्थिनीला मी अ = २०°, ब = ६५° घ्यायला लावले. डावी बाजू कॉस(−४५°), म्हणजे ०.७०७१. उजवी बाजू ०.९३९७ × ०.४२२६ + ०.३४२० × ०.९०६३, तीही ०.७०७१. मग तिनेच २००° आणि १०° घेतले. २००° चे कॉस आणि साइन दोन्ही ऋण, बेरीज आली −०.९८४८, आणि कॉस १९०° तेवढाच आहे.

उरलेली पाच

कॉस(अ + ब) साठी ब च्या जागी −ब ठेवा. कॉस(−ब) तोच राहतो, साइन(−ब) उणे होतो:

कॉस(अ + ब) = कॉस अ कॉस ब − साइन अ साइन ब

चिन्ह का उलटलं ते आता पाठ करायची गरज नाही. ऋण कोनाचा बिंदू अक्षाखाली गेला म्हणून उलटलं.

साइनकडे जायला एक पूल लागतो: कॉस(९०° − ब) = साइन ब. दहावीत हे काटकोन त्रिकोणातल्या दोन कोटिकोनांवरून शिकवतात, पण ते लघुकोनापुरतं झालं. आपण ते आपल्याच सूत्रातून काढू म्हणजे सगळ्या कोनांसाठी खरं ठरेल. अ = ९०° ठेवा. कॉस ९०° शून्य, साइन ९०° एक, म्हणून

कॉस(९०° − ब) = ० × कॉस ब + १ × साइन ब = साइन ब

आता याच ओळीत ब च्या जागी ९०° − ब लिहा. डावीकडे कॉस ब उरतो, उजवीकडे साइन(९०° − ब). म्हणजे साइन(९०° − ब) = कॉस ब हेही मिळालं.

साइन(अ + ब) ला कॉसचं रूप द्या:

साइन(अ + ब) = कॉस(९०° − अ − ब) = कॉस((९०° − अ) − ब)

सगळी गंमत शेवटच्या कंसाच्या जागेत आहे. ९०° आणि अ यांना एकत्र बांधलं आणि ब ला बाहेर ठेवलं, त्यामुळे ही वजाबाकी झाली, आणि वजाबाकीचं सूत्र आपल्याकडे आहे:

= कॉस(९०° − अ) कॉस ब + साइन(९०° − अ) साइन ब
= साइन अ कॉस ब + कॉस अ साइन ब

यात ब च्या जागी −ब घातला की

साइन(अ − ब) = साइन अ कॉस ब − कॉस अ साइन ब

साइनमध्ये चिन्ह जसंच्या तसं राहतं, कॉसमध्ये उलटतं, हे आता तुमच्या समोर घडलं आहे.

साइन(अ + ब) म्हणजे साइन अ + साइन ब, असं लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यांना मी रागवत नाही, ३०° आणि ६०° घालायला सांगते. साइन ९०° म्हणजे १. साइन ३०° + साइन ६०° म्हणजे १.३६६. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळावरचा बिंदू १.३६६ एवढ्या उंचीवर जाईल कसा? एकक वर्तुळ डोळ्यांसमोर असलं की ही चूक पुन्हा होत नाही.

टॅनचं काम थोडक्यात उरकतं. साइनच्या सूत्राला कॉसच्या सूत्राने भागा, मग वर-खाली प्रत्येक पदाला कॉस अ कॉस ब ने भागा:

टॅन(अ + ब) = (टॅन अ + टॅन ब) / (१ − टॅन अ टॅन ब)
टॅन(अ − ब) = (टॅन अ − टॅन ब) / (१ + टॅन अ टॅन ब)

अट एवढीच, की कॉस अ, कॉस ब आणि संयुक्त कोनाचा कॉस यांपैकी काही शून्य नसावं. टॅन ७५° काढून पाहा, २ + √३ आलं पाहिजे.

चालत जाऊन तेच सूत्र

बेरजेची दोन्ही सूत्रं एका आकृतीत दिसतात असा आणखी एक मार्ग आहे. परीक्षेत मी जीवेचीच सिद्धता लिहायला सांगते, ती तपासणाऱ्याच्याही ओळखीची असते. पण समजण्यासाठी मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो, आणि ज्यांना पुढे अभियांत्रिकीला किंवा भौतिकशास्त्राला जायचं आहे त्यांनी तो नक्की करावा.

मघाचाच आलेख कागद घ्या. आरंभबिंदूतून ३०° ची रेघ काढा. ७०° वरचा प तिथे आहेच. प वर पोहोचायचं आहे, पण क्ष-अक्षावरून नाही, ३०° च्या रेघेवरून. ७० म्हणजे ४० + ३०. रेघेवरून ७.७ सेंमी चाला (कॉस ४०° = ०.७६६०), मग डावीकडे काटकोनात वळून ६.४ सेंमी चाला (साइन ४०° = ०.६४२८). गुण्या लावून रेघ काढलीत तर बरोबर प वर येऊन थांबाल.

आता हेच निर्देशकांत. ब कोनाच्या दिशेने १ एकक चाललं तर आपण (कॉस ब, साइन ब) एवढे सरकतो. त्या दिशेला डावीकडे काटकोनात १ एकक चाललं तर किती सरकतो? आलेख कागद पाव फेरा फिरवून बघा: क्ष-अक्ष य-अक्षाच्या जागी येतो आणि य-अक्ष ऋण क्ष-अक्षाच्या जागी. म्हणून (क्ष, य) चा (−य, क्ष) होतो, आणि आपलं उत्तर (−साइन ब, कॉस ब). पहिल्या दिशेने कॉस अ एवढं आणि दुसऱ्या दिशेने साइन अ एवढं चाललो, की अ + ब वर पोहोचतो:

क्ष-निर्देशक: कॉस अ कॉस ब − साइन अ साइन ब
य-निर्देशक: कॉस अ साइन ब + साइन अ कॉस ब

पहिला कॉस(अ + ब), दुसरा साइन(अ + ब). कॉसच्या सूत्रातलं उणे चिन्ह इथे उघड दिसतं. डावीकडे वळल्यावर आपण क्ष-अक्षाच्या उलट दिशेने सरकलो, ते हे उणे.

एक सावधगिरी. फिरवण्याची सूत्रं किंवा सारणी (मॅट्रिक्स) आधीच माहीत असतील तर त्यांनी हे सिद्ध करू नका. ती सारणी याच सूत्रांवर उभी असते, मग सिद्धता स्वतःभोवतीच फिरते.

भास्कराचार्यांची एक-एक अंश पुढे जाणारी रीत

चाळीसगावहून पाटणादेवीला जाताना पाटण लागतं. तिथल्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. तो १२०७ मधला. आमच्या तालुक्यातल्या मुलांनी ही सूत्रं कुठल्या तरी दूरच्या देशातून आली असं समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा. त्याच्या गोलाध्यायाच्या अखेरीस ज्योत्पत्ती हा भाग येतो आणि त्यात साइनच्या बेरीज-वजाबाकीचा नियम स्पष्ट शब्दांत आहे (चाप म्हणजे वर्तुळाचा कंस, ज्या म्हणजे त्रिज्या गुणिले साइन, कोटिज्या म्हणजे त्रिज्या गुणिले कॉस): दोन चापांच्या ज्या एकमेकांच्या कोटिज्यांनी गुणा, त्रिज्येने भागा, दोन्हींची बेरीज म्हणजे चापांच्या बेरजेची ज्या आणि फरक म्हणजे चापांच्या फरकाची ज्या. या दोन क्रियांना त्यांनी समासभावना आणि अंतरभावना अशी नावं दिली. त्रिज्येने भागायचं कारण त्यांचं वर्तुळ एकक नव्हतं. परीघ ३६० × ६० म्हणजे २१,६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरला तर त्रिज्या जवळपास ३४३८ येते, ती ते वापरत. एकक वर्तुळात त्रिज्या १, म्हणून तो भागाकार आपल्याला दिसत नाही.

त्याच नियमातून त्यांनी एक अंश पुढे सरकण्याची रीत दिली. त्या काळी ग्रहगणितासाठी वेगवेगळ्या कोनांच्या ज्या-किमतींचं कोष्टक लागे आणि ते हातानेच तयार करावं लागे. १° ची ज्या जवळपास तिच्या चापाएवढी, म्हणजे ६० कला. ६० भागिले ३४३८ म्हणजे १०/५७३. कॉस १° साठी त्यांनी धरलं १ − १/६५६९. आजच्या लेखनात:

साइन(क + १°) = साइन क × (१ − १/६५६९) + कॉस क × १०/५७३

मघाचं सूत्रच आहे, ब = १° घालून. किती अचूक ते पाहा: १०/५७३ म्हणजे ०.०१७४५२० आणि साइन १° ०.०१७४५२४. १ − १/६५६९ म्हणजे ०.९९९८४७८ आणि कॉस १° ०.९९९८४७७.

सूत्रं काढून झाली की मी मुलांना या रीतीने कोष्टक करायला बसवते. साइन ३०° = ०.५ आणि कॉस ३०° = ०.८६६०२५४ पासून निघा. साइन ३१° येतो ०.५१५०३७८, खरी किंमत ०.५१५०३८१. पुढच्या पावलासाठी कॉसही लागतो. त्याच्यासाठी हीच जोडी वापरा, फक्त मध्ये उणे:

कॉस(क + १°) = कॉस क × (१ − १/६५६९) − साइन क × १०/५७३

कॉस ३१° आला ०.८५७१६७६. दोन्ही वापरून साइन ३२° काढा, ०.५२९९२ मिळेल. सात-आठ दशांश स्थळं सांभाळत असेच ४५° पर्यंत चाला. शेवटी ०.७०७१० येतं, कॅल्क्युलेटर ०.७०७११ सांगतो. तुमचा आकडा याहून लांब गेला असेल तर सगळ्यात आधी कॉसच्या ओळीतलं उणे चिन्ह तपासा.